मामींची काश्मिरी आणि माझी ठरवून केलेली चोरी

आयुष्यात मी एकदाच चोरी केली. तीही मालकिणीला विचारून, वेळ ठरवून आणि तिच्याच हातचा चहा पिऊन. तरीही पकडला गेलो.

गोष्ट बेलबॉटमच्या दिवसांतली. (बेलबॉटमचा उल्लेख उगाच केलेला नाही. पुढे त्यानंच घात केला.) मी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि नुकताच पलूसचा जावई झालो होतो. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. फौजेत सुभेदार होते ते. त्यांच्या दोन खुणा घरात होत्या. एक भिंतीवरचा वर्दीतला फोटो, आणि दुसरी अंगणातली काश्मिरी.

काश्मिरी म्हणजे आयरिसचं झाड. तलवारीसारखी उभी पानं, आल्यासारखा आडवा गड्डा आणि शिमग्याच्या सुमाराला येणारं जांभळं फूल. काश्मीरला पोस्टिंग असताना सुभेदारांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला गुळाची अख्खी ढेप दिली आणि बदल्यात त्याच्या परसातला गड्डा घेतला. तो लष्करी ट्रंकेत, गरम मोज्यात घालून पलूसला आणला. "मला शाल आनतील म्हून वाट बघत हुते," सासूबाई सांगायच्या, "तर मोज्यातनं ह्ये निघालं!" सासूबाईंना मी मामी म्हणायचो. सांगताना त्या रागावल्यासारखं करायच्या, पण हात त्या पानांवरून फिरत असायचा.

कृष्णाकाठच्या बायकांमध्ये तेव्हा झाडांची मोठी देवाणघेवाण चालायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी एसटीच्या कंडक्टरबरोबर फलटणला जायची आणि परतीच्या गाडीनं तिकडून दुहेरी तगर यायची. काश्मिरीवर तर साऱ्यांचा डोळा. पण मामी ती कुणाला देत नसत. "मागा दुसरं कायबी," म्हणायच्या, "ती आमच्या मालकांची हाय."

लग्नानंतरच्या पहिल्याच मार्गशीर्षात मामी सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला निघाल्या. पुढे पंधरवडाभर तिथल्याच नात्यात राहणार होत्या. मी रजा घेऊन सासुरवाडीला आलेलो. जाताना म्हणाल्या, "जावईबापू, काश्मिरीकडं तेवढं ध्यान द्या."

मी दिलं! पाटबंधारे खात्याचा माणूस मी, पाणी देणं हा माझा धर्म. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. अंगणाशेजारून उसाला पाट जायचा. दुपारी मला वाटलं झाड मलूल दिसतंय, म्हणून त्या पाटालाच एक छोटा फाटा काढून दिला. पानं पिवळी पडली तसा फाटा रुंद केला.

माझी बायको शालन म्हणाली, "आवं, जरा जास्त हुतंय का?"

"तुला काय कळतं?" मी म्हणालो. "सिंचन आहे हे!"

मामी परत आल्या तेव्हा काश्मिरीच्या जागी चिखल होता. त्यांनी चिखलात हात घातला, गड्डा चाचपला. तो लोण्यासारखा बोटांतून निसटला. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. पण मामी पदराला हात पुसून म्हणाल्या, "जाऊ द्या. च्या घेतला का तुमी?"

त्या चहानं माझा जीव गेला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथं छाती पुढे काढून बोललो, "मामी, हीच काश्मिरी तुमच्या दारात परत फुलवीन." पलूसमध्ये त्यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस नव्हता. मी धरून.

साताऱ्याला परतल्यावर शालनला एकदम आठवलं. "गोडोलीच्या हौसाक्का! त्यांचे मालक नि आमचे दादा एकाच पलटणीत हुते. आईनं उभ्या जन्मात एकालाच गड्डा दिलाय, तो त्यास्नी!" (दादा म्हणजे तिचे वडील, सुभेदार.)

रविवारी आम्ही गोडोलीला. हौसाक्का म्हणजे ठेंगणी, खणखणीत आवाजाची म्हातारी. सगळं ऐकून डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "सुभेदारांची वस्तू त्यांच्या घरी जायाच पायजे. पर म्या देनार न्हाई."

"का बरं?"

"आवं, दिलेलं झाड लागत न्हाई! चोरून न्यावं लागतं. माज्या दारचं लागलंय कसं? पलूसला जाऊन चोरलं म्हून!"

"पण शालन तर म्हणते, मामींनी दिलं."

"दिलं म्हंजे, म्या चोरत हुते तवा ती भिंतीकडं तोंड करून हुबी ऱ्हायली!"

मी म्हणालो, "अक्का, मी सरकारी नोकर. चोरी कशी करू?"

"सरकारी हाय, मग शिकवावं लागतंय व्हय?" असं म्हणून तिनं बेत सांगितला. गुरुवारी दुपारी जेवून ती आडवी होणार. मी मागच्या कुंपणातून यायचं, गड्डा उपटायचा आणि पसार. "म्या वरडले तर भिऊ नगा. चोराला शिव्या बसल्या की झाड लय जोमानं येतं. आन् एक ध्यानात ठेवा. म्या तुमाला वळखत न्हाई. वळख दिली की चोरी मोडली!" तिनं चहा केला. आम्ही तो प्यायलो. (हाच तो चहा.)

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. खरं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून म्हणालो, "सासूबाईंचं काम आहे." साहेबांनी अत्यंत सहानुभूतीनं सही केली.

हौसाक्काच्या घरामागे घायपाताचं कुंपण होतं. खुरपं आणि कापडी पिशवी घेऊन मी आत शिरलो. समोर मोरीच्या सांडपाण्यावर तलवारीसारखी पानं दाट उभी होती. पलीकडे दगडी भिंतीजवळही तसलीच पानं होती, पण बारकी, सुकलेली. मी मनाशी म्हणालो, हे मरतुकडं कशाला? नेऊ ते तालेवार नेऊ! मोरीवरचा भलामोठा गड्डा उपटला. काय त्याचा वास! उग्र, झणझणीत, नाकातून थेट टाळूत जाणारा. वाटलं, हाच तो काश्मीरचा सुगंध. माझ्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर आले.

डोळ्यांपुढे डोंगर घेऊनच मी कुंपण ओलांडायला गेलो, आणि बेलबॉटमच्या उजव्या पायाचा घोळ घायपाताच्या काट्यात अडकला. ओढला तर टर्रकन फाटला. पण सुटला नाही.

"हॉल्ट! हँड्स अप!"

शेजारचे पेन्शनर हवालदार! बेत सांगताना अक्का ह्यांना पार विसरली होती. मी एक हात वर केला. दुसऱ्या हातात पिशवी होती.

"दुसरा हात!"

"पिशवी आहे."

"पिशवी बी हँड्स अप!"

तेवढ्यात घरातून हौसाक्काचा ठरलेला आरडाओरडा सुरू झाला. "आरं मुडद्या! माज्या दारचं चोरतोस व्हय? हात झडतील तुजं!" एकूण फार मनापासून चाललं होतं. आळी गोळा झाली. बाया, पोरं, गिरणीवाला पिठाच्या हातांनीच.

हवालदार म्हणाले, "अक्का, वळखता का ह्याला?"

मी काकुळतीनं तिच्याकडे बघितलं. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "उभ्या जन्मात बघितला न्हाई!"

"अक्का, अहो रविवारी चहा..."

"खोटं बी बोलतंय वर!" अक्का कडाडली. मग गर्दीची नजर चुकवून तिनं मला हळूच डोळा मारला. तेवढ्यानं मला धीर यायला हवा होता. पण गिरणीवाल्यानं तेवढ्यात मला ओळखलं.

"आरं, ह्ये तर पाटबंधाऱ्यातलं क्लार्क हायती!"

"काय सांगतोस! पगार पुरत न्हाई व्हय ह्यास्नी?"

"कुंपनातनंच खाया लागले की आता!"

हवालदार मला चौकीवर न्यायला निघाले. एका पायात बेलबॉटम आणि दुसऱ्या पायात त्याच्या चिंध्या, अशा अवस्थेत मी साताऱ्याच्या रस्त्यानं जाणार होतो. नोकरी जाताना डोळ्यांपुढे दिसायला लागली. (बर्फाचे डोंगर केव्हाच गेले होते.) मग मात्र अक्का मध्ये पडली.

"सोडा त्याला हवालदार. पोरगं हाय."

"मग पिशवी तरी ठिवून घ्या. बघा काय काय न्हेलंय."

"छ्या! चोरीचा माल मालकिनीनं बघू न्हाई, परत घिऊ न्हाई. घरात पीडा येती. न्हे रं मुडद्या, घिऊन जा, आन् पुना दिसू नगंस!"

आळीतल्या बायकांनी मान डोलावली. ह्या शास्त्रापुढे हवालदारांचा कायदा थंड पडला. मी पिशवी छातीशी धरून पळालो.

शनिवारी पलूस. एसटीत माझ्या शेजारी कुणी टिकेना. मामींनी पिशवी उघडली, गड्डा नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, मग फाटकं बेलबॉटम शिवत बसलेल्या शालनकडे पाहिलं. शालननं सगळी हकीकत सांगितली, हवालदारांसकट. मामी ऐकत होत्या. मग उठल्या आणि तो गड्डा त्यांनी आंघोळीच्या मोरीजवळ लावला.

"मामी!" मी ओरडलो. "अहो, पाण्यानंच मेली ना आधीची?"

"ह्याला पानी लागतं," मामी म्हणाल्या.

झाडाचा स्वभावही साताऱ्याला जाऊन बदलतो, असा मी निष्कर्ष काढला. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पलूसला जायचो तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोरीजवळ नेऊन झाड दाखवायचो. "सुभेदारांची काश्मिरी! जिवावर उदार होऊन आणली!" पाहुणे एकदा झाडाकडे बघायचे, एकदा मामींकडे. मामी घाईघाईनं आत जायच्या. एवढं कौतुक ऐकून लाजत असतील, असं मला वाटायचं.

शिमगा फुलाविना गेला. पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका दुपारी मी पलूसच्या सोप्यात पेंगत होतो. मामी बाजेवर आडव्या झाल्या होत्या. अंगणात खरखर झाली. बघतो तर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई जुन्या काश्मिरीच्या जागी माती उकरतेय! माझं रक्त उसळलं. काश्मिरीवर ज्यांचा डोळा होता त्यांतलीच ही कुणी! मी झेप टाकली आणि तिचं मनगट धरलं.

"चोर! चोर! हॉल्ट!" (संकटात माणसाला ऐकलेलंच आठवतं.)

पदर खाली आला. हौसाक्का!

"गप बसा की!" ती दबक्या आवाजात खेकसली. "म्या चोराया न्हाई, लावाया आलीया! तुमी माज्या मोरीवरचं वेखंड उपटून आनलं, जावईबापू!"

"वेखंड?"

"बाळाला उगाळून लावत्यात त्ये! नातवासाठी काढाया गेले तर मोरीवर ह्यो खड्डा! काश्मिरी माजी भिंतीकडंला तशीच हाय. पावसात गड्डा कुजतो, म्हून दिवाळीपातूर थांबले." तिच्या हातात बारकासा, सुकलेला गड्डा होता. मरतुकडा म्हणून मी सोडलेला.

"मग सरळ दारातून यायचं! मामींच्या हातात द्यायचा!"

"आन् दिलेलं लागल व्हय? ह्यो सुभेदारांचा शेवटचा गड्डा हाय. म्या जुगार खेळनार न्हाई."

इतक्यात सोप्यातून मामींचा आवाज आला. "कोन हाय रं तिकडं?" आम्ही दोघं गारठलो. मामी बाजेवर उठून बसल्या होत्या. त्यांनी हौसाक्काला पाहिलं, तिच्या हातातला गड्डा पाहिला. मग सावकाश भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा आडव्या झाल्या. "मांजर आसंल," त्या भिंतीला म्हणाल्या.

अक्का लावून गेली, चहासुद्धा न घेता. मी मामींना विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"आवं, वेखंडाचा वास कुनाला कळत न्हाई?"

"मग बोलला का नाहीत?"

"पँट फाडून घिऊन आलाता तुमी," मामी म्हणाल्या. "कसं सांगू? त्यांचं झाड गेलं, वाईट वाटलं. पर त्यांच्या झाडापायी कुनीतरी एवढं झटलं, त्येबी बरं वाटलं." असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ह्यापेक्षा हवालदार बरे होते.

वेखंड वाया गेलं नाही. वर्षभरात आमची मुलगी झाली आणि तिला तेच उगाळून लावलं. आळीत कुणाचंही बाळ असलं की मामी त्यातलं मूठभर पाठवायच्या आणि सोबत माझी हकीकत. हकीकत दरवेळी थोडी मोठी होऊन जायची.

आणि काश्मिरी? तिचा एक शिमगा कोरडा गेला. पुढच्या शिमग्याच्या तोंडावर सकाळी मामींची हाक आली. मी धावलो. जांभळं फूल, पाकळ्यांवर दव. मामी त्याच्यापुढे बसल्या होत्या. "आला की वो तुमी," त्या फुलाला म्हणाल्या. मी मागच्या मागे सरकलो. झाड आता मामींचं नि माझं दोघांचं असलं, तरी ते बोलणं त्या नवरा-बायकोचं होतं.

त्याच साली मार्गशीर्षात मामी पुन्हा म्हसवडला निघाल्या. मी रजा घेऊन आलेलोच होतो. म्हणालो, "मामी, बिनघोर जा. काश्मिरीकडे मी बघतो." मामी गोड हसल्या. म्हणाल्या, "तुमी असल्यावर मला कसली काळजी?" माझी मान ताठ झाली. मामींनी माझ्यावर भरवसा टाकला होता.

त्यांची एसटी गेल्यावर मला तहान लागली. स्वयंपाकघरात गेलो. तांब्या नव्हता. कळशी नव्हती. बादली, घागर, आंघोळीचा बंब, सगळं पहाटेच शेजारी रवाना झालं होतं.

मामी परत येईपर्यंत मी पाणी प्यायला शेजारी जात होतो. शेजारीणही फुलपात्र माझ्या हातात देत नसे. वरून ओतायची, आणि मी शेवटचा थेंब गिळेपर्यंत उभी राहून बघायची.