नळीतलं पाणी

मुलांच्या सर्जरी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तोंडाने फटकळ. एकवीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेली, त्यामुळे नवे डॉक्टर त्यांना जरा वचकूनच असत.

त्या दिवशी चौथ्या खाटेवर सहा वर्षांची मुलगी होती. न्यूमोनियानंतर तिच्या डाव्या फुप्फुसाभोवती पू साचला होता. बरगड्यांमधून नळी घालून तो खाटेखालच्या बाटलीत काढत होते. तीन दिवस भरपूर आला, चौथ्या दिवशी सकाळी थांबला.

"संपला पू," शिकाऊ डॉक्टर खुशीत म्हणाला. "उद्या नळी काढू."

मुलीच्या आईचा जीव भांड्यात पडला. सिस्टर मात्र बाटलीपाशी उकिडव्या बसल्या. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं; श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली व्हायला हवं होतं. ते ढिम्म हलेना. पोरीचं अंग तापलेलं, नाकपुड्या फुलत होत्या.

"बाळा, खोक बघू जरा."

"दुखतं. तुम्हीच खोका."

सिस्टर खरंच खोकल्या. मुलगी हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

"डॉक्टर, नळी तुंबलीय. सर्जन मॅडमना बोलवा."

"मॅडम थिएटरमध्ये आहेत. संध्याकाळी राउंडला येतीलच की."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. मीच जाते."

जिना चढताना त्यांना जुनं आठवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाळाचा श्वास असाच बरा वाटला नव्हता. डॉक्टर रागावतील म्हणून त्या गप्प बसल्या, आणि ते बाळ गेलं.

सर्जन मॅडम दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात तशाच धावत खाली आल्या. सोनोग्राफीत दिसलं, पू घट्ट होऊन कप्प्याकप्प्यांत अडकलाय, फुप्फुसावर जाड साय धरलीय.

"आजच ऑपरेशन करून हे सगळं काढावं लागेल. नाहीतर फुप्फुस उघडणारच नाही."

आई शिवणकाम करायची. संमतीच्या कागदावर तिने टाके घातल्यासारखं एकेक अक्षर जपून काढत सही केली. "ताई, वाचेल ना हो?"

"मी इथेच आहे," सिस्टर म्हणाल्या. खोटा धीर द्यायला जीभ रेटेना.

दोनला ड्यूटी संपली, तरी त्या थिएटरबाहेर आईशेजारी बाकावर बसून राहिल्या. साडेतीन वाजले. चार वाजले. दार उघडलं.

"ती साय सगळी सोलून काढली," मॅडम घाम पुसत म्हणाल्या. "फुप्फुस फुगलं. सिस्टर, बरं झालं वर आलात."

आई रडली. सिस्टर पाणी प्यायला गेल्या.

बाराव्या दिवशी मुलगी घरी निघाली. चाकांच्या खुर्चीत बसायला साफ नकार देऊन, आपल्या पायांनी.