बाईंच्या नावाने खोटी फुंकर

बाई गेल्यावर वर्षभराने डहाणूत त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. त्या दिवशी मी जे केलं, त्याची किळस अजून जात नाही.

बाई चिंचणीच्या, मच्छीमाराच्या घरातल्या. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गायच्या. हॉटेलांनी बँड बंद केले तेव्हा त्या गावी परतल्या आणि आम्हा सात जणांना गोळा करून स्वतःचा बँड उभा केला. मी तोवर वरातीत सॅक्सोफोन वाजवायचो. पाठ केलेली गाणी, एक सूर इकडचा तिकडे नाही. पहिल्याच तालमीत त्यांनी मला थांबवलं.

"हे तर तू कालही वाजवलंस. आज काय सांगायचंय तुला?"

मला काही सांगायचं असेल, असं तोवर कुणाला वाटलंच नव्हतं.

लोक त्यांना 'हॉटेलात नाचणारी' म्हणायचे. बाई आयुष्यात कधी नाचल्या नाहीत. लग्नात गायला हव्या असायच्या, पण उंबऱ्याच्या आत कुणी घ्यायचं नाही. एकदा तलासरीकडच्या एका लग्नात यजमानाने आमच्या ढोलकीवाल्याला, तो आदिवासी पाड्यावरचा म्हणून, मांडवाबाहेर जेवायला बसवलं. बाई माइकवरच म्हणाल्या, "आमचा माणूस बाहेर, तर आमचं गाणंही बाहेर." आम्ही सामान जीपमध्ये भरलं. यजमान मागून वाटेल ते बरळत होता.

स्मरणाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून तोच माणूस. "बाई मला थोरल्या बहिणीसारख्या होत्या," म्हणाला आणि रडला. रडणं खरं होतं, म्हणूनच जास्त शिसारी आली.

मग आयोजक माझ्या कानाशी आला. "काका, ट्रॅक लावतोय. गाणारी मुलगी नुसते ओठ हलवेल. तुम्ही सॅक्सोफोन तोंडाला लावून उभे राहा, बस."

"मला वाजवता येतं," मी म्हणालो.

"माहीत आहे हो. पण साउंडवाल्याचं सेटिंग झालंय."

मी मंचावरून उतरून निघून जायला हवं होतं. नाही गेलो. समोर फोटोला हार होता, कॅमेरे होते, आणि मलाही त्या फोटोशेजारी उभं राहायचं होतं. दोन गाणी मी रिकामी बोटं हलवली. टाळ्या पडल्या.

खाली उतरलो तर बाईंच्या धाकट्या बहिणीने पहिल्या रांगेतून माझा हात धरून विचारलं, "तू वाजवत नव्हतास ना रे?"

"नाही, ताई."

"शेवटी तिला धड श्वास पुरत नव्हता. तरी ट्रॅक लावू दिला नाही तिने."

त्यांनी हात सोडला. रागावल्यासुद्धा नाहीत.

तिथे मला शाल आणि स्मृतिचिन्ह दिलं होतं. चार दिवस ते घरात नजरेसमोर सहन होईना. शेवटी पिशवीत घालून आयोजकाच्या दुकानात गेलो. म्हणालो, "हे परत घ्या. मी वाजवलंच नाही."

त्याने गल्ल्यावरून मानही वर केली नाही.

"राहू द्या हो काका. शाली खूप उरल्यात."