नारळ फोडला की मिटलं

गोटीरामकाका आमचे घरमालक आणि उरणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावाचे पोलीस पाटील. चौऱ्याण्णव साली बंदरातल्या नोकरीसाठी मी त्यांच्या चाळीत खोली घेतली, तेव्हा पाटीलकीत काही राम उरला नव्हता. भातशेती बंदराच्या भूसंपादनात गेलेली, पोरं कंटेनरच्या गोदामांत कामाला लागलेली. काका ओट्यावर बसून आल्यागेल्याला "कुठं चाललाव?" एवढंच विचारायचे. अलिबागच्या कोर्टाचा निरोप आला की मात्र दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून घरात जायचे.

खटला असा. गावातला नामदेव एका सकाळी खाडीच्या चिखलात मेलेला सापडला, डोक्याला जखम. रीतीप्रमाणे गावकी देवीच्या देवळासमोर बसली. रीत जुनी होती. ज्याची चूक असेल त्याने देवीसमोर कबूल करायची, पाटलाने नारळ फोडायचा, की तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. कोंबडीचोरीपासून डोकी फुटण्यापर्यंत कितीतरी भांडणं काकांनी अशी मिटवली होती, आणि त्यांचं वाक्यही ठरलेलं होतं. सवयीने ते त्या दिवशीही तोंडातून गेलं: "जो असंल त्यानं खरा सांगावा. नारल फोडला की मिटला. पुढं जानार नाय."

हिरामण उठला. म्हणाला, जाळं लावायच्या जागेवरून जुंपली आणि हातातलं वल्हं नामदेवच्या डोक्यात बसलं. सगळ्या गावाने ऐकलं. नामदेवची बायको गोजरा समोरच बसली होती. काकांचा हात नारळावर तसाच राहिला. कोंबडीचोरी वेगळी आणि खून वेगळा. पाटील म्हणून ठाण्यात कळवणं भागच होतं, आणि काकांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस हिरामणला न्यायला आले, तेव्हा तो नुसता काकांकडे बघत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं काका मला पुष्कळदा म्हणाले.

वल्हं सापडलं नाही. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळा खटला त्या एका कबुलीवर उभा होता, म्हणून गावाने काकांना पढवायला सुरुवात केली. "नारलाचा काय बोलू नका. तो आपनहून बोल्ला, येवढाच सांगा." मलाही ते पटत होतं. माणूस जिवानिशी गेलाय, नारळाचं पुराण कोर्टात कशाला? काका सगळ्यांना हो म्हणायचे. न ऐकताच म्हणायचे, असं आता वाटतं.

साक्षीला जाताना त्यांनी सोबत मला घेतलं. करंजाहून लाँचने रेवस, पुढे एसटी. हिरामणच्या वकिलाने सरळच विचारलं, "कबुलीच्या आधी तुम्ही आरोपीला काही वचन दिलं होतं?"

काकांनी पाणी मागितलं, प्यायले. पिंजऱ्यात हिरामण खाली बघत उभा होता.

"व्हय. नारल फोडला की मिटला, पुढं जानार नाय, असा बोल्लो."

"तेव्हा तुम्ही पोलीस पाटील होता?"

"अजून हाय."

निकालाच्या दिवशी न्यायाधीशसाहेबांनी वाचलेलं काकांना कळेना, म्हणून बाहेर आल्यावर मी सांगितलं. अधिकारावरच्या माणसाने आशा दाखवल्यावर दिलेली कबुली स्वखुशीची मानता येत नाही. ती वगळली तर पुरावा उरत नाही. हिरामण सुटला.

"पन तो खोटा बोल्ला, असा म्हनले का साहेब?"

"नाही. खरं की खोटं, त्यात ते गेलेच नाहीत."

"मंग कोन जानार त्यात?" काका भिंतीला टेकले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

तेवढ्यात हिरामण व्हरांड्यात आला आणि त्यांच्या पाया पडला. "काका, तुमी शबुद पाललाव."

काकांनी पाय मागे घेतला.

करंजाच्या धक्क्यावर गोजरा मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं असावं.

"कोर्टात सगला सांगितलाव ना, पाटील?"

"सांगितला."

"मी माज्या कानांनी आयकलेला. तुमी पन आयकलेला. मंग?"

"सुटला तो, गोजरा. माज्याच शबदान सुटला."

तिने पाटी डोक्यावर घेतली, निघाली, आणि परत वळली.

"त्याला शबुद दिलाव तो पाललाव. मना काय दिलाव, पाटील?"

काकांनी तोंड उघडलं. पण भांडण मिटवायला इतकी वर्षं त्यांना एकच वाक्य येत होतं, आणि ते आता म्हणता येत नव्हतं.