भुताच्या हवेलीत आईला मैत्रीण मिळाली

मंडळी, आज दुपारी आमच्या हिमायतनगरच्या घरी भारी गंमत झाली!

आई पुण्याहून राहायला आली, पण इथली तेलुगू भाषा येत नाही म्हणून गप्प गप्पच असायची. आज शेजारच्या आंटी आल्या, तेव्हा मी जुना कृष्णधवल भुताचा सिनेमा लावला होता. त्याही बसल्या.

नायिका मेणबत्ती घेऊन हवेलीचा जिना चढू लागली. दार करकरलं, मेणबत्ती विझली.

"अगं बाई!" आई किंचाळली.

"अम्मो!" म्हणत आंटींनी तिचा हात गच्च धरला. मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

निघताना आंटींनी विचारलं, "रेपू?"

मी आईला सांगितलं, "उद्या पण बघूया का, म्हणतायत."

"हो हो, रेपू!" आई म्हणाली. तिचा पहिला तेलुगू शब्द!

असा सिनेमा बघताना तुम्ही कुणाचा हात धरला होता?