उसन्या जर्सीतला झेल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आणि मी काही तोंड मिटून बसणारा माणूस नव्हे — सुनंदाला, माझ्या बायकोला विचारा. यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनासुद्धा मी आमच्या टीमची कहाणी ऐकवलेली आहे. पण एका जागी आलो की मी नेहमी घाई करतो. ती जागा ओलांडून थेट शेवटावर उडी मारतो. आज तिथे थांबायचं ठरवलंय. बघू, जमतं का.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. त्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

मी नागपूरचा. शाळेत खेळाच्या तासाला टीम पाडल्या जायच्या तेव्हा शेवटी उरायचो तो मी. मग कुणीतरी म्हणायचं, तू रन मोज. मी मोजायचो. अभ्यासात मात्र मला तोड नव्हती, म्हणून तर जर्मनीतल्या गार्चिंगच्या लेझरच्या प्रयोगशाळेत येऊन पोचलो. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर लियम होता. ऑस्ट्रेलियाचा, उंच, उन्हात लाल होणारा. त्याला इथल्या मैदानावर आपल्या देशाचा फुटबॉल खेळवायचा होता आणि माणसं कमी पडत होती. ‘नुसता उभा राहा,’ म्हणाला. पस्तिशी ओलांडलेला मी, पोट सुटलेला, नुसता उभा राहायला गेलो.

हा खेळ तुम्ही बहुधा पाहिला नसेल. बॉल लांबट असतो. तो लाथेनं उडवायचा आणि हातानं झेलायचा. लाथेनं लांबून आलेला बॉल स्वच्छ झेलला, की समोरच्यांनी मागे सरायचं. मग तुम्ही श्वास घेऊन, नीट बघून गोलवर मारू शकता. या झेलाला मार्क म्हणतात. आणि मार्क — आता स्वतःच्या तोंडानं काय सांगू, पण सांगतोच — मार्क मला यायचा. कुठून आला देव जाणे, आणि देवाला तर मी मानतही नाही. घरी मिसळणाचा डबा ओट्यावरून घसरला तर मी तो जमिनीला लागू देत नसे, तेवढीच काय ती तयारी. पण मैदानावर बॉल माझ्याकडे आला की चिकटलाच. पोरं मला ‘क्लेबर’ म्हणायला लागली. क्लेबर म्हणजे गोंद.

जर्मनीत हा खेळ खेळणारे मूठभर, तरी त्यांचे वरचा, मधला आणि खालचा असे गट आहेत. आम्ही तळातून सुरुवात केली. पहिल्या वर्षी आम्हाला कुणीही हरवायचं. मग हळूहळू वर सरकत मधल्या गटात आलो, आणि त्या मोसमात — काय मोसम होता तो! — मधल्या गटात आमच्यापुढे कुणी टिकलं नाही. दर रविवारी अप्पांचा फोन यायचा. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण पायरी कळते. ‘अजून मधल्याच गटात का रे?’ एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, ‘अप्पा, यंदा वर जातो.’

वर जायला एकच सामना उरला होता. मधल्या गटात पहिले आम्ही, वरच्या गटात शेवटची रेगेन्सबर्गची टीम. जिंकेल तो पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळणार.

रेगेन्सबर्गवाले आले ते निम्मेच. कुणाची कारखान्यात शिफ्ट बदलली होती, कुणाचा गुडघा गेला होता, एक गाडी आउटोबानवर, म्हणजे हमरस्त्यावर, श्टाऊमध्ये, वाहनांच्या कोंडीत अडकून पडली होती. अशा वेळी आमच्या खेळात एक रीत आहे. समोरची टीम आपला खेळाडू उसना देते. तो त्यांची जर्सी घालतो आणि त्यांच्यासाठी, आपल्याच माणसांविरुद्ध खेळतो. एवढी कमी माणसं, एवढे लांबचे प्रवास — नाहीतर सामनेच होणार नाहीत. आणि या रीतीत आणखी एक न बोललेली रीत आहे: कच्चा माणूस द्यायचा नाही. कच्चा दिला तर ती टीम कायमची बदनाम होते.

लियमनं मला दिलं.

मला आठवतं, माझी छाती फुगली. सगळ्यांसमोर तो टोबियासला म्हणाला होता, हा आमचा सगळ्यात चांगला झेलणारा, घे. टोबियास म्हणजे त्यांचा कप्तान. शाळेत भूगोल शिकवणारा, माझ्यापेक्षा वयानं मोठा, सावकाश बोलणारा. त्यानं स्वतःच्या पिशवीतली हिरवी जर्सी मला दिली. तिला दुसऱ्याच घरच्या साबणाचा वास होता. त्याच्या बायकोनं केलेलं बटाट्याचं सॅलड मी खाल्लं, थर्मासमधला चहा प्यालो. आणि चहा पिताना त्यानं मला सहज सांगितलं — आज हरलो तर अर्धी मुलं सोडून जातील. वरच्या गटाचं नाव आहे म्हणून टिकलीत. मग मैदानही जाईल, दुसऱ्या कुणाला तरी देतील.

म्हणजे मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. आधीच, चहा पिताना.

सामना सुरू झाला आणि मी झकास खेळलो. हे मी आजही मान वर करून सांगेन. हिरव्या जर्सीत मी आमच्याच मुलांच्या डोक्यावरून झेल घेतले. लियम दोनदा माझ्याकडे बघून हसला, असा माणूस दिला याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. रेगेन्सबर्गवाले मला नावानं हाक मारायला लागले, ‘मिलिंद! मिलिंद!’ — आपल्या शाळेत कुणी अशी हाक मारली होती मला?

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आमची टीम — म्हणजे माझी खरी टीम — जेमतेम पुढे होती. एक गोल झाला तर रेगेन्सबर्ग वाचणार होतं. टोबियासकडे बॉल आला. त्यानं मान वर केली, मला पाहिलं. मी गोलसमोर एकटा होतो. त्यानं लांब लाथ मारली. सुंदर लाथ होती, बॉल फिरत, स्थिर, सरळ माझ्या छातीवर येत होता. असा बॉल मी झोपेतही झेलतो.

तुम्ही कधी एवढा वेळ मिळालेला पाहिलाय का — बॉल हवेत असताना? मला अप्पा आठवले. वरचा गट आठवला. रन मोजणारा मी आठवलो. हे सगळं खरं आहे, पण कारण म्हणून सांगत नाही. कारण नव्हतं. हात वर गेले, बोटं नेहमीसारखी उघडली — आणि मी ती मिटली नाहीत.

मुद्दाम. मी बॉल मुद्दाम सोडला.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. बॉल सोडणं सोपं नसतं. सवयीचे हात आपोआप मिटतात, त्यांना थांबवावं लागतं, आणि तेही बघणाऱ्याला कळू न देता. मी तो असा सोडला की बोटांना लागून निसटल्यासारखा वाटावा. मागून पुन्हा झेप घेतली, उशिरा, तोंडावर पडलो, हनुवटीला माती लागली. लियमनं बॉल उचलला, दूर मारला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला. मी गवतावर पडलेला होतो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो — काय बेमालूम जमलं! लाज नंतर आली. अभिमान आधी आला.

टोबियासनं हात देऊन मला उठवलं. माझ्या जर्सीवरची माती झटकली. ‘माख्ट निष्ट्स,’ म्हणाला, काही हरकत नाही. मग बॉलकडे बघत म्हणाला, ‘नास?’ ओला होता का, असं.

मी म्हणालो, ‘जा, नास.’ हो, ओला.

गवत ओलं होतं. बॉल कोरडा होता. लाथ मारण्याआधी टोबियासनं तो स्वतःच्या जर्सीनं पुसला होता, मी पाहिलं होतं. दर रविवारी सकाळी आमची गार्चिंगची तीन-चार घरं वंदनेला एकत्र बसतात, आणि पंचशीलाची सुरुवात माझ्या आवाजात होते, कारण माझं पाली स्वच्छ आहे — त्याचाही मला अभिमान. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या रविवारी मी ते अडखळत म्हटलं असतं तर निदान काही तरी झालं असतं. मी नेहमीसारखंच स्वच्छ म्हटलं. वंदना आटोपल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, ‘तुझ्या हातून पडला? तुझ्या?’ मी मेणबत्त्या विझवायला लागलो, तिनं पुन्हा विचारलं नाही.

अप्पांना फोन केला. वरच्या गटात गेलो म्हणालो. मग त्यांनी विहारात सांगितलं, कॉलनीत सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. अजून सांगतात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो मी, आणि नागपुरात माझं नाव निघतं ते जर्मनीत वरच्या गटात खेळणारा म्हणून.

पुढच्या मोसमात रेगेन्सबर्गची टीम मैदानात उतरलीच नाही. टोबियास बोलला होता तसंच, त्याच क्रमानं झालं. आधी मुलं गेली, मग मैदान गेलं.

टोबियास आता आमच्याकडे खेळतो. दर शनिवारी रेल्वेनं येतो. पहिल्यांदा मात्र गाडी घेऊन आला होता, टपावर खांब बांधून. या खेळात गोलला जाळी नसते, नुसते उंच खांब असतात, आणि आमचे वाकले होते. त्यांच्या टीमनं स्वतः रंगवलेले ते खांब कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून त्यानं आणले. एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी. सरळ उभे आहेत का ते आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.

यंदा त्या खांबांमधून सगळ्यात जास्त गोल माझे आहेत. बहुतेक वेळा लाथ टोबियासचीच असते. तो मान वर करतो, मला शोधतो आणि निःशंकपणे लांब मारतो. मी झेलतो. गोल झाला की तो धावत येऊन मला मिठी मारतो. त्या क्षणी मला लाज वाटते असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मला अभिमान वाटतो. दर वेळी.