कानबाईचा कोप आणि माझा जबडा

डाव्या जबड्यातली गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कानबाई माझ्यावर कोपली आहे याची मला खात्रीच पटली. आमच्या भडगावकडे श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचा रोट, म्हणजे गव्हाची जाड भाकरी, भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. आदल्या वर्षी दारात आलेल्या एका गरोदर मजुरणीला मी चतकोर रोट दिला होता. मी विधवा, दिराच्या घरी राहणारी. "बाहेर रोट दिधा, आते भोग," जाऊ म्हणाली. गाठीवर बिब्बा लावून झाला, कातडं भाजलं, गाठ तशीच. एरवी मी फटकळ, पण ते वर्ष तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. घरात माणसं होती, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. देवीही नाही.

शेवटी दिरांनी मला धुळ्याच्या इस्पितळात आणलं. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी कापू. नंतर आठवडाभर जबडा बांधलेला राहील. पेज भरवायला सोबतीचं माणूस नसेल तर मी हात लावणार नाही." रविवारी तर घरी कानबाई बसणार! रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचे सव्वा मूठ गहू दळायचे, दिरांना जाणं भागच होतं. "वहिनी, चाला घर. पुढला साल दखसूत," ते म्हणाले. मी हलले नाही. ते गेले. ओसरीत बसून मी खूप रडले आणि म्हटलं, "आई, मला तुझं काही कळत नाही. ठेवशील तशी राहीन."

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "हिच्याबरोबर कोण?" तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजारी सासूचे पाय चेपणारी पिंजाऱ्याची बाई उठली. "मी शे ना. मन्ही बहीण शे हाई." डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि मला आत न्यायला सांगितलं.

शुद्धीवर आले तेव्हा वाटीत गाठ होती, आत तांदळाएवढे वीसेक दात. दात घडवणारा भाग वाट चुकून आतल्या आत दात करत बसला, डॉक्टर म्हणाले; गाठ लहानपणापासूनची असावी. म्हणजे रोट देण्याच्या कितीतरी आधीची. वर्षभर मी देवीला उगाच रागीट ठरवलं होतं.

ती बाई सहा दिवस मला चमच्यानं पेज भरवत होती. सातव्या दिवशी तिच्या सासूला घरी सोडलं. जाताना तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. माझा जबडा बांधलेला, नाव विचारता आलं नाही. आता तिला नमस्कार करायचा तर कुणीकडे तोंड करून करायचा, कळत नाही. म्हणून दारात येईल त्याला करते. लोक हसतात.