नाव पुसलेला कॉर्नेट

कमळाकर म्हात्रे तुर्भ्याच्या एका कारखान्यात बफिंगला होता. खाडीकाठची शेती नव्या शहरात गेली, तेव्हा ही नोकरी मिळाली. स्टीलचे नळ फिरत्या चाकावर धरून चकाकी आणायची. माल धरायचा तो मनगटाने नव्हे, खांद्याने. मनगटाने धरणारे दोन वर्षांत हात धरून बसतात. कमळाकर बारा वर्षं टिकला.

गावच्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवी. पुढचा सूर त्याचा. गावदेवीची पालखी देवळातून निघाली की खाडीवर टेकेपर्यंत तो सूर तुटू द्यायचा नाही, ही गावची रीत. त्याच्या चुलत्याचा एकदा तुटला. त्या साली एक होडी परतली नाही. चुलत्याला पुढे कुणी वाद्याला हात लावू दिला नाही.

जुना कॉर्नेट 'बार्नवेल' या विलायती कंपनीचा, जाड पितळेचा. पंच्याऐंशी साली त्याचे बोटांनी दाबायचे दट्टे झिजले. बँडचे म्होरके रावसाहेब तो मुंबईच्या दुकानात देऊन नवा घेऊन आले. तेच नाव, तशीच नक्षी.

ढोल वाजवणारा म्हातारा देवजी खोक्यातला कागद उलटसुलट करून म्हणाला, "ही काड्याकाड्यांची अक्षरा कसली? बार्नवेल चिनी कदी शिकला?"

"कंपनी तीच हाय," रावसाहेब म्हणाले.

"कंपनी मेली आसंल. पाटी इकली कोनीतरी."

सगळे हसले. कमळाकरही हसला.

पालखीआधी दरसाल तो वाद्य कारखान्यात नेई आणि जेवणाच्या सुट्टीत चाकावर उजळून काढी. यंदा नवंही नेलं. खांद्याचा जोर नेहमीचाच दिला. जुन्या पितळेने तो जोर वर्षानुवर्षं सोसला होता. नव्याचं पहिल्याच फेरीत नाव पुसलं गेलं. नळीच्या वळणावरचा पत्रा झटकन तापला. कमळाकरने चाक बंद करून वाद्य उजेडात धरलं. केसाएवढी चीर होती.

घरी त्याने ते बायकोपुढे ठेवलं. गोजराने चिरेवरून नख फिरवलं.

"रावसाहेबांना सांगा."

"सांगितला त पालखीपुढं काय वाजवू? दुसरा कॉर्नेट हाय गावात?"

गोजराने मेण तापवून चिरेत भरलं आणि वरून देवीचा लाल नाडा घट्ट गुंडाळला. "नाडा बांधलेला कोनी सोडत नाय," ती म्हणाली.

चैत्राचं ऊन. पालखी उठली. कमळाकरला गाणं ऐकूच येत नव्हतं. तो फक्त नाड्याकडे बघत होता. मिठागराच्या वळणावर मेण पाघळलं आणि चिरेतून हवा मनगटावर फुसफुसली. नाडा जरा सारून त्याने डावा तळवा चिरेवर दाबला; पत्र्याची कड तळव्यात रुतली. वरचा सूर घ्यायचा तर दम जास्त लागतो, दम वाढला की चीर उघडते. छाती फुटेल इतकं तो फुंकत होता आणि सूर बारीक होत चालला होता. चुलत्याचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

मग सूर गेला. त्याच क्षणी देवजीने ढोलावर अशी दाट थाप धरली की कुणाला दुसरं काही ऐकू येईना. कमळाकरने तळवा सरकवला, पुन्हा दाबला. सूर आला. ढोलाचा आवाज उतरला.

पालखी खाडीवर टेकली. रावसाहेब खुशीत आले. "बगितलास? बार्नवेल तो बार्नवेल. आजून दोन आनतो."

कमळाकर पुढे झाला. त्याने नाडा सोडला. तो मेणाने आणि तळव्याच्या रक्ताने माखला होता. "रावसाहेब, मी चाकावर धरला. नाव बगा कुठं राहिलाय."

रावसाहेब वाद्य फिरवून फिरवून नाव शोधत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सूर तुटला का रं?"

कमळाकरने देवजीकडे पाहिलं.

"नाय तुटला," देवजी म्हणाला. "मी बाजूलाच व्हतो ना."

दुसऱ्या दिवशी होड्या समुद्रात गेल्या. कमळाकरने कामावर खाडा केला आणि काठावर जाऊन बसला. थोड्या वेळाने देवजी आला आणि शेजारी टेकला. शेवटची होडी काठाला लागेपर्यंत दोघेही उठले नाहीत.